उपऱ्यांची मराठी

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भाषेवरून जे रण माजले त्याचे दोन अंक होते आणि त्यांचा हिशेब वेगवेगळाच मांडला पाहिजे. पहिल्या अंकात राज्य सरकारने १६ एप्रिलच्या निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून सक्तीची केली, जूनमध्ये शब्दांची कसरत करून तोच निर्णय पुन्हा पुढे रेटला आणि जनमत खवळलेले पाहून २९ जूनला तो मागे घेतला. सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात राजकीय सोयीखातर तिसरी भाषा कोंबणे हे शिक्षणशास्त्राला धरून नव्हते व संघराज्याच्या तत्त्वालाही धरून नव्हते. सरकारला माघार घ्यावी लागली हे उत्तमच झाले. दुसरा अंक त्याच सुमारास मीरा रोडला सुरू झाला. तेथे एका दुकानदाराला, तो मराठी बोलत नाही म्हणून, थोबाडीत खावी लागली आणि त्या प्रकाराचे चित्रण अभिमानाने घरोघर पोहोचवण्यात आले. मंत्रालयाशी सुरू झालेले भांडण गल्ल्यावर बसलेल्या एका माणसापाशी येऊन थांबले. सत्ताधाऱ्यांना याहून सोयीचा शेवट कोणता असणार?

मारहाणीचे उघड समर्थन करणारे थोडेच भेटतात. परंतु तिच्यामागे जो विचार उभा आहे त्याला आपल्या सुशिक्षित वर्गात, अगदी पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांतही, मोठी मान्यता आहे. तो विचार असा की, प्रत्येक प्रदेशाची एक मूळची शुद्ध भाषा असते, ती भूमिपुत्रांच्या मुखी असते आणि पोटासाठी बाहेरून आलेला माणूस ती बाटवतो. म्हणून प्रदेशाची अस्मिता टिकवायची तर उपऱ्याला हाकलले पाहिजे, निदान त्याला खाली मान घालून राहायला शिकवले पाहिजे. इतिहासाच्या कसोटीवर हा विचार खोटा ठरतो. अर्थशास्त्राच्या कसोटीवर तर तो खऱ्या अपराध्याला पाठीशी घालणारा ठरतो. हे तपासण्यासाठी मुंबईला जाण्याची गरज नाही. मुंबईविषयी बोलताना प्रत्येकाच्या डोक्यात आधीच काहूर असते. सोलापूरला चला.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या त्याच्या यात्रेला, गड्ड्याला, नंदीध्वजांमागून अवघे शहर लोटते. हा सिद्धराम बाराव्या शतकातला, बसवण्णा व अल्लमप्रभू यांच्या काळातला शरण. त्याची वचने कन्नडमध्ये आहेत आणि त्या वाङ्मयात या गावाचे नाव सोन्नलगी असे येते. म्हणजे ज्याला आपण महाराष्ट्रातले एक मोठे शहर म्हणतो त्या शहराच्या दैवताने आपले मन कानडीत उघड केले. त्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, मराठी भक्तीचे माहेर आहे आणि तेथल्या देवालाही ज्ञानेश्वरांनीच कानडा म्हटले आहे. आता या मातीत मूळचा कोण आणि उपरा कोण, याचा निवाडा करायला एखाद्या सैनिकाने खुशाल पुढे यावे.

पण सोलापूरची आजची ओळख देवापेक्षा मागाने घडवली. सोलापूरची पहिली कापडगिरणी, जिला लोक पुढे ‘जुनी गिरण’ म्हणू लागले, ती १८७७ च्या सुमाराची. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता आणि सोलापूर जिल्हा त्यात पुरता होरपळला होता. गिरणीचा भोंगा आणि दुष्काळ हे एकाच सुमाराला यावेत यात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवल वाटत नाही. भुकेने गाव सोडलेली माणसे हाच भांडवलाचा कच्चा माल असतो, कापूस त्यानंतरचा. जिल्ह्यातला कुणबी आला, मांग-महार आले, इंडी-अक्कलकोटकडचा कानडी माणूस आला, आणि निजामी मुलुखातून, आजच्या तेलंगणातल्या करीमनगर, नलगोंडा, वारंगळ, महबूबनगर या बाजूंनी, तेलुगु बोलणारे पद्मशाली विणकर पिढ्यान् पिढ्या येत राहिले. त्यांनी पूर्व भाग वसवला. पुरुष गिरणीत व मागावर, बायका विड्यांच्या सुपावर, अशी घराची वाटणी झाली. ज्या सोलापुरी चादरीची भेट मराठी माणूस परप्रांतातल्या स्नेह्याला आपली म्हणून नेतो ती या ‘उपऱ्यां’च्या हातची आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा तो पूर्व भागापुरता राहत नाही. तो सोलापूरचा सण असतो.

या शहराने स्वातंत्र्यलढ्यात जे केले ते तर शाळेच्या पुस्तकातही आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरवर ब्रिटिशांनी लष्करी कायदा लादला. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही चार नावे सावकाश वाचावीत. घरी चौघांची भाषा एकच होती काय? फासाच्या दोराने ती विचारली नाही. आजच्या सोलापुरात मात्र ती विचारणारे निघतील आणि त्यांतले काही हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालून येतील.

आता भाषेकडे वळू. सोलापूरच्या रस्त्यावर ‘काय करलालास बे?’ असा प्रश्न कानी पडतो. हे ‘करलालो’, ‘येवलालो’ मराठवाड्याच्या ‘करायलो’चे शेजारी. ते मराठा घरात बोलले जाते, पद्मशाली घरातला मुलगा दारात आल्यावर बोलतो, लिंगायत वाण्याच्या दुकानात चालते आणि शास्त्री-पंडितांच्या नातवंडांच्या तोंडीही असते. भाषाशुद्धीवाल्यांना यात बिघाड दिसतो. मला त्यात एक करार दिसतो. घरी चार निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांनी चौकात एकत्र उभे राहण्यासाठी जी मराठी तयार केली, तिच्यावर चौघांचाही सारखा हक्क आहे. पुण्याची प्रमाण मराठी कोणा एका वर्गाच्या माजघरातून आली. ही कामाच्या जागी जन्मली.

तीस-पस्तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना या कराराची किंमत काय लावली जाते ते जवळून पाहिले. एका महाविद्यालयात तोंडी परीक्षेच्या वेळी पूर्व भागातली एक मुलगी मागणीच्या लवचिकतेवर असे बोलली की पुस्तकात सापडणार नाही. घरात विड्या वळल्या जात होत्या, त्यामुळे हजारी मजुरी आणि छाट म्हणून बाजूला टाकल्या जाणाऱ्या विड्या यांचा हिशेब तिला तोंडपाठ होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गुण देताना एवढाच शेरा मारला की, मुलीची भाषा अशुद्ध आहे. तिला तेलुगु, सोलापुरी मराठी, कामापुरती कानडी आणि शेजारची दख्खनी अशा चार भाषा येत होत्या. परीक्षकांना दीड. पण शुद्धाशुद्धाचा निकाल दीडवाल्यांच्या हाती होता. बोलीविषयीचा तिरस्कार बहुधा व्याकरणाचा पोशाख घालून येतो आणि त्याचे खरे काम नोकरीच्या दारात गर्दी कमी करण्याचे असते.

मराठी कधी काळी निर्भेळ होती ही समजूत तर हास्यास्पदच आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राजाची इच्छा, पंडितांची विद्वत्ता, सिंहासनाचे पाठबळ, सारे होते. तरी पंतप्रधान हा पेशवाच राहिला, फडणीस फडणीसच राहिला आणि जमीन, कागद, वकील, अर्ज, सरकार हे शब्द मराठी राज्याच्याच दप्तरात सुखाने नांदले. आमच्या क्षेत्रातले शब्द घ्या. ‘मजूर’ आणि ‘कारखाना’ फारसीतून आले, ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. बांधकामावरच्या बाईच्या डोक्यावरचे ‘घमेले’ आणि कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घराचा ‘लिलाव’ हेही पोर्तुगीजच. घरातल्या ‘अक्का’, ‘अण्णा’, ‘अप्पा’ या हाका आणि वरणावरचे ‘तूप’ कानडीशी नाते सांगतात. शुद्धीकरणाची मोहीम प्रामाणिकपणे चालवायची तर माणसाला पगार मिळणार नाही आणि मोठ्या बहिणीला हाकही मारता येणार नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून ‘महापौर’, ‘दिनांक’ असे काही चांगले शब्द मिळाले हे मान्य केले पाहिजे. ते टिकले कारण ते सोयीचे होते. परकीयांचा द्वेष त्यांना टिकवायला उपयोगी पडला नाही. आणि मराठीनेही काही कमी दिलेले नाही. दख्खनी उर्दूतला ‘नक्को’ आणि जोर देण्यासाठी शब्दाला जोडला जाणारा ‘च’ हे दोन्ही आमच्याच घरचे.

शब्दांची देवघेव वरवरची असते, व्याकरण तरी आमचेच, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळायचे तर ‘आम्ही’, त्याला सामावून घ्यायचे तर ‘आपण’. हिंदीला हा भेद नीटसा साधत नाही; तेलुगु-तमिळसारख्या द्राविड भाषांत तो जुना आहे, आणि मराठीत तो त्यांच्या सहवासाने आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. अस्मितेच्या सभेतला वक्ता घसा ताणून ‘आम्ही, आम्ही’ म्हणतो तेव्हा तो ज्यांना वगळतो त्यांच्याच पूर्वजांकडून उसने घेतलेले हत्यार वापरत असतो. फ्रँकलिन साउथवर्थ या अमेरिकन अभ्यासकाने १९७१ मध्ये त्याही पुढचा प्रश्न टाकला: मराठीचा उगमच अशा सरमिसळीतून, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या वर्गांच्या एकत्र येण्यातून झाला असेल काय? त्यांचा सिद्धान्त सर्वांना पटला नाही व न पटण्यास जागाही आहे. परंतु त्याच ग्रंथात गम्पर्झ आणि विल्सन यांचा सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडविषयीचा लेख आहे, तो मात्र प्रत्येक मराठीप्रेमी कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे.

सुमारे तीन हजार वस्तीच्या त्या गावात तेव्हा चार भाषा नांदत होत्या. जमीनवाले जैन आणि लिंगायत कानडी बोलत, मुसलमान उर्दू, दोरखंड वळणारे तेलुगु, तर दलित व आणखी काही मंडळी मराठी. शतकानुशतके शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. तरीही एकही भाषा मेली नाही. घरात प्रत्येकाने आपापली राखली. परस्परांशी बोलताना गाव मराठीचा आधार घेत असे. का? गावातल्या सर्वांत बलवान वर्गाची ती भाषा नव्हती, म्हणून ती स्वीकारल्याने कोणी कोणापुढे वाकले असे होत नव्हते! मराठीने तेथे जे स्थान मिळवले ते कोणाच्या थोबाडीत मारून मिळवलेले नव्हते.

आणि उपरा म्हणून ज्याला हिणवायचे तो नेहमी परप्रांतातूनच येतो असेही नाही. सोलापुरात इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमातीं’साठी सेटलमेंट उभारली होती. काटेरी तारांच्या आत कैकाडी, पारधी, मांगगारुडी अशा जमातींची कुटुंबे डांबलेली असत, हजेऱ्या घेतल्या जात आणि त्यांतल्या अनेकांचे श्रम गिरण्यांना पुरवले जात. कोंडलेला मजूर स्वस्त पडतो, हे गिरणीमालकांना कोणी शिकवावे लागले नाही. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे ही तार तशीच होती. १९५२ मध्ये या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. यांतल्या कैकाड्यांची घरची बोली द्राविड वळणाची. टोपल्या विणत गावोगाव हिंडणाऱ्या या माणसाला प्रत्येक गावाने बाहेरचा ठरवले, पिढ्यान् पिढ्या याच मुलखात हिंडूनही. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हेच नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीने ते मराठीतले श्रेष्ठ पुस्तक म्हणून गौरवले. भूमिपुत्रांच्या राजकारणाने या प्रश्नाचे उत्तर द्यावे: कैकाडी भूमिपुत्र आहे की नाही? असेल तर त्याची बोली महाराष्ट्राची बोली आहे. नसेल तर ‘भूमिपुत्र’ या शब्दात भूमीचा काही संबंध नाही, फक्त जमीनदारीचा आहे.

आता मुंबई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शहरातली बहुसंख्य माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. १९२१ च्या जनगणनेत हे प्रमाण शंभरात ऐंशीहून वर होते. गिरणगावची जी मराठी पुढे नाटकांत, कवितांत, शाहिरीत गाजली ती रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेल्या आणि खानावळीत जेवणाऱ्या चाकरमान्यांनी घडवली. कोळी आणि पाठारे प्रभूंच्या दृष्टीने तेही उपरेच होते. वाटेगावहून आलेल्या अण्णाभाऊ साठ्यांची गावी राहिलेल्या मैनेची छक्कड ही स्थलांतरिताचीच व्यथा आहे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून तिने लाखो माणसे हलवली. बार्शीचे अमर शेख त्याच व्यासपीठावर होते. ही मराठी मुंबई कोणी उठवली? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतले असंख्य पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट उघडली. २००१ मधल्या बदलाने शहराच्या आणि घरबांधणीच्या वाट्याला येणारी जागा आक्रसली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. लालबाग-परळचा माणूस बदलापूर-विरारला फेकला गेला. त्याला तिकडे कोणत्या पाणीपुरीवाल्याने पाठवले? ज्यांच्या कारकिर्दीत हे नियम झाले त्यांत मराठी अस्मितेचे पट्टीचे पुढारी होते. चिमण्यांच्या जागी मनोरे उभे राहताना त्यांच्या सैनिकांचे हात खिशात होते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, सोलापूरच्या विणकराने मराठी आपलीशी केली हे खरे, पण आज मुंबई-ठाण्यात येणारा मजूर दहा वर्षे राहूनही मराठी शिकत नाही, उलट आमची मुलेच त्याच्याशी हिंदीत बोलतात. ही वस्तुस्थिती आहे व ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ती अशी का झाली? पूर्व भागातला विणकर गिरणीत कायम नोकरीला होता, त्याला चाळ होती, संघटना होती, पोरांना नगरपालिकेची शाळा होती. मागावर शेजारी मराठी कामगार होता आणि संपाच्या सभेत भाषण मराठीत होई. आजच्या बांधकामावरची टोळी ठेकेदार एकाच जिल्ह्यातून उचलून आणतो, पत्र्याच्या छावणीत ठेवतो, इमारत उभी राहिली की दुसऱ्या शहरी हलवतो. तिला शेजारी मिळत नाही, शाळा मिळत नाही, शिधापत्रिकेचीही मारामार. त्या माणसाने मराठी शिकावी कोणाकडून? ठेकेदाराला तर त्याला ती येऊच नये असे वाटते. स्थानिक कामगाराशी ज्याला बोलता येत नाही तो संघटित होत नाही. कंत्राटी पद्धत जशी मजुरी पाडते तशीच ती शहराची भाषाही पाडते. मराठीचा कैवार घेणाऱ्यांनी कंत्राटदाराच्या कचेरीवर मोर्चा नेल्याचे वृत्त मी अजून वाचलेले नाही.

शिवाय न्याय दोन्ही बाजूंना सारखा असावा लागतो. बेळगावच्या मराठी माणसाला सरकारी कागद मराठीत मिळावेत, त्याच्या पोराला मराठी शाळा मिळावी, ही आपली मागणी रास्त आहे. राज्यघटनेचे ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याविषयी बोलते, आणि सीमाभागात आपण त्याचा आधार घेतो. ते कलम जत आणि अक्कलकोटच्या कानडी मुलांना लागू नाही काय? ऊसमळ्यांत राबण्यासाठी करारावर नेलेल्या मराठी माणसांचे वंशज मॉरिशसमध्ये आजही मराठी शिकतात म्हणून आपण गहिवरतो. तंजावरच्या मराठीत तमिळ मिसळली तर तिचे कौतुकाने संशोधन करतो. मग पूर्व भागातल्या आजीने नातवाशी तेलुगुत बोलले की तिची निष्ठा का तपासायची?

डाव्या चळवळीलाही चार शब्द सुनावले पाहिजेत. पोटाचा प्रश्न आधी, भाषेचा मागाहून, असे म्हणत या चळवळीने भाषेचे रान मोकळे सोडले आणि त्यात भलतेच पीक आले. सोलापुरातच याच्या उलट दाखला आहे. तेलुगु बोलणाऱ्या विडीकामगार बायकांच्या संघटनेने कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभारली आणि तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले. जन्माने पुण्याची, कामाने डहाणू-तलासरीच्या वारल्यांची झालेली ही बाई. तिचे नाव पूर्व भागातल्या बायकांच्या दारावर लागले. पक्ष आपला नसला तरी काम मोलाचे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सोहळे झाले. पण त्या विडीकामगार बाईच्या भविष्यनिर्वाह निधीचा कागद केंद्राच्या कार्यालयातून हिंदी-इंग्रजीतच हाताळला जातो. तिची घरची भाषा तेलुगु. वाचायला ती मराठी शिकली, कारण ज्या राज्यात ती राबते त्या राज्याची ती भाषा आहे. तो अर्ज, ती पावती, तो नकाराचा शेरा तिला मराठीत मिळाला पाहिजे. कंत्राटी कामगारांच्या प्रत्येक छावणीवर मराठी शिकवणारा शिक्षक ठेवण्याचा खर्च ठेकेदाराकडून वसूल झाला पाहिजे. सोलापूर, जत, अक्कलकोटच्या तेलुगु, कन्नड व उर्दू शाळांत मराठीचे शिक्षक पुरेसे आणि वेळेवर नेमले गेले पाहिजेत. आणि तोंडी परीक्षेत ‘करलालो’ म्हटल्याबद्दल कापलेला गुण परत दिला पाहिजे. येत्या अधिवेशनाच्या वेळी मराठीसाठी रस्त्यावर उतरलेल्या दोन्ही-तिन्ही सेनांना या चार मागण्यांचे निवेदन आपल्या कार्यकर्त्यांनी हातोहात द्यावे, आणि त्यावर सही कोण करतो व कोण टाळतो याची यादी याच साप्ताहिकात छापावी.